उपचारांचा पहिला टप्पा : घर ते रुग्णालय

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभरातील कामकाजाचा आढावा आणि लेखापरीक्षित हिशेब आपल्या हाती आहेत. त्यांची पुनरुक्ती करून आपला वेळ आम्ही घेणार नाही. या अहवालात ज्याला स्वतंत्र रकाना नाही, अशा एका खर्चाविषयी आज थोडे सविस्तर बोलण्याची अनुज्ञा असावी. हा खर्च रुग्णालय करीत नाही. तो रुग्ण करतो, आणि तोही रुग्णालयाच्या दारात पाऊल ठेवण्यापूर्वी. घरापासून रुग्णालयापर्यंत येण्याचा आणि परत जाण्याचा तो खर्च होय.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. जमाखर्चाच्या वहीत जे दिसते त्यावर विश्वास ठेवण्याची आमची जुनी सवय. म्हणून प्रथम आमचीच एक चूक आपणांसमोर मांडतो.

आपल्या बाह्यरुग्ण विभागात पुनर्तपासणीची एक नोंदवही आहे. ठरल्या तारखेला जो रुग्ण येत नाही, त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ असा शेरा मारण्याची पद्धत आम्हीच घालून दिली होती. सलग दोनदा असा शेरा पडला की तो रुग्ण ‘उपचारांबाबत उदासीन’ या वर्गात जाई. वाघोलीच्या बाजूला बांधकामावर काम करणाऱ्या एका कुटुंबातील लहान मुलाच्या नावापुढे असे शेरे पडले होते. मुलाला अपस्माराचा, म्हणजे फिट येण्याचा आजार होता. औषध नियमित घेतले तर तो शाळेत जाऊ शकत होता. एके रात्री औषधाविना त्याला लागोपाठ फिट आल्या आणि तातडीने दाखल करावे लागले. मूल सुदैवाने बरे झाले. आमच्या समाजसेविकेने मुलाच्या आईला विचारले, “बाई, दोन महिने का आला नाहीत?” त्यावर ती म्हणाली, “ताई, इथलं औषध फुकट आहे हो, पण इथवर यायला पैसे पडतात. आणि आलं की त्या दिवशीचा रोजही जातो.”

त्या दिवशी नोंदवहीतील तो शेरा आम्ही पुन्हा वाचला आणि आम्हांस खरोखर संकोच वाटला. उदासीन ती माता नव्हती. ती कोठून येते, कशाने येते आणि तिला काय पडते हे विचारण्यात उदासीनता आमचीच झाली होती.

मंडळी, येरवड्याचे आणि प्रवासाचे नाते जुने आहे. नदीपलीकडे १८७१ साली कारागृह झाले, पुढे मनोरुग्णालय आले आणि ‘येरवड्याला पाठवणे’ हा पुण्यात थट्टेचा वाक्प्रचार होऊन बसला. त्या थट्टेत एक सत्य दडलेले आहे. शहराने ज्यांना आपल्यापासून दूर ठेवले, त्यांना नदीच्या या तीरावर ठेवले. मुळा-मुठेवरील बंडगार्डनचा जुना फिट्झगेराल्ड पूल १८६९ चा. या पुलामुळेच हे दोन तीर एकमेकांशी बोलू लागले. पुढे १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली बस पुण्याहून अहमदनगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे, निघाली. ज्या नगर रस्त्याने ती खेडोपाडीच्या माणसाला शहराशी जोडू लागली, तोच रस्ता आपल्या येरवड्यातून जातो. त्या प्रवासाचे महत्त्व आम्ही अधिक काय सांगावे! महाराष्ट्रातील कितीतरी खेड्यांत शाळा, बाजार आणि दवाखाना या तिन्ही गोष्टी एस.टी.च्या वेळापत्रकावरच चालत आल्या आहेत.

शहरातील बससेवेचा इतिहासही आपणांस परिचित आहे. पुणे महानगरपालिकेची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी यांचे २००७ साली एकत्रीकरण होऊन पीएमपीएमएल ही कंपनी स्थापन झाली. तिच्या संचलनातील तूट या दोन महापालिका अनुक्रमे ६० आणि ४० टक्के या प्रमाणात भरून देतात. २०१५ साली संगमवाडी ते विश्रांतवाडी आणि २०१६ साली येरवडा ते वाघोली असे जलद बससेवेचे, म्हणजे बीआरटीचे, मार्ग आपल्या परिसरात सुरू झाले. त्या थांब्यांवर फलाटाची उंची बसच्या दाराशी जुळती असल्याने गुडघेदुखीच्या आजीबाईंना पायरी चढावी लागत नसे, ही गोष्ट आमच्या अस्थिरोग विभागाच्या आजही स्मरणात आहे. नगर रस्त्यावरील हा मार्ग २०२३ च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने काढून टाकण्यात आला. वाहतुकीची कोंडी हे त्याचे कारण सांगण्यात आले. त्या वादात आम्ही शिरू इच्छित नाही. रस्त्याचा विचार करताना त्यावरून किती वाहने जातात यापेक्षा किती माणसे जातात हे मोजावे, हे तत्त्व २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातच मान्य झालेले आहे, एवढेच नम्रपणे नमूद करतो.

मेट्रोचा अनुभवही बोलका आहे. ६ मार्च २०२४ रोजी रामवाडीपर्यंतचा मार्ग सुरू झाला, त्या वेळी येरवडा स्थानक मात्र तयार नव्हते. सुमारे साडेपाच महिने गाड्या येरवड्यातून जात होत्या, परंतु येरवड्यात थांबत नव्हत्या. २१ ऑगस्ट २०२४ रोजी हे स्थानक प्रवाशांसाठी खुले झाले. आज येथून निघालेला माणूस तिसऱ्या स्थानकाला पुणे रेल्वे स्थानकाशी उतरतो. तेथून ससून रुग्णालय जवळ. उद्वाहक आहे, सरकते जिने आहेत, डब्यात चाकाची खुर्ची जाते. ही मोठीच सोय झाली आहे आणि तिच्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. रामवाडीपासून वाघोलीच्या दिशेने विठ्ठलवाडीपर्यंतच्या विस्तारासही केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे.

परंतु लक्ष्मीनगर किंवा जयजवाननगरच्या चढावरील अरुंद बोळातून, पायाला प्लास्टर असलेल्या माणसाने स्थानकापर्यंत यायचे कसे, हा प्रश्न उद्वाहकाने सुटत नाही. बोळात रिक्षा शिरत नाही. मुख्य रस्त्यावर येईपर्यंत दोन माणसांचा खांदा लागतो. पदपथ असेल तर त्यावर दुचाक्या उभ्या. रस्ता ओलांडावा तर वाहने थांबत नाहीत. मेट्रोचा प्रवास काही मिनिटांचा असतो, पण तिच्यापर्यंतचे अर्धा किलोमीटर अंतर कधी कधी सर्वांत कठीण असते.

आता थोडा हिशेब मांडतो. जून २०२५ पासून पीएमपीएमएलचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले आणि ४० रुपयांचा दैनिक पास ७० रुपयांचा झाला. इंधन, वेतन आणि दुरुस्ती यांचा वाढता भार पाहता भाडेवाढ का करावी लागली हे हिशेब ठेवणाऱ्या माणसाला समजते. परंतु तोच हिशेब रुग्णाच्या बाजूनेही मांडला पाहिजे. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस म्हणजे महिन्याला साधारण १३ फेऱ्या. रुग्ण एकटा येऊ शकत नाही. सोबत पत्नी किंवा मुलगा असतो. लांबून, बस बदलून येणाऱ्या या दोघांनी दैनिक पास काढला, तर पूर्वी महिन्याला १,०४० रुपये लागत. आता १,८२० रुपये लागतात. वाढ ७८० रुपयांची. परतताना रुग्णाला थकवा येऊन रिक्षा करावी लागली, तर तो खर्च वेगळा. आणि सोबत येणाऱ्या माणसाचा बुडालेला रोज कोणत्याच पावतीवर येत नाही.

डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत विनामूल्य मिळते. धर्मादाय रुग्णालय म्हणून आपणही बांधील आहोत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली, मा. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने ठरलेल्या योजनेनुसार, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटकातील, अशी मर्यादा आहे. या सर्व तरतुदींचे आपण काटेकोर पालन करतो आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. मात्र हा निधी उपचारांसाठी आहे. बसच्या तिकिटासाठी नाही. खाट विनामूल्य आहे, औषध विनामूल्य आहे, परंतु त्या खाटेपर्यंतची वाट विनामूल्य नाही.

वाट हाही उपचारांचाच भाग आहे, हा विचार आमचा नवा नाही. शासनाने तो पूर्वीच मान्य केला आहे. २०१२ साली सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये रुग्णालयातून घरी परतण्याचे एस.टी.चे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे अंतर्भूत होते. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर मातेला घरून शासकीय रुग्णालयात आणण्याची व बाळासह घरी पोहोचवण्याची सोय विनामूल्य करण्यात आली. आदिवासी भागातील क्षयरुग्णांना प्रवासासाठी ७५० रुपयांचे साहाय्य देण्याची तरतूद राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. एस.टी.ने ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्यात प्रवास दिला. परंतु ही एस.टी.ची सवलत शहराच्या बसला लागू नाही. घाटापलीकडून येणाऱ्या भगिनीला अर्धे तिकीट पडते आणि धानोरीहून येणाऱ्या भगिनीला पूर्ण, असे चित्र आमच्या नोंदणी खिडकीसमोर रोज दिसते. दिल्लीने २०१९ पासून आणि कर्नाटकाने जून २०२३ पासून महिलांना शहरी बसमध्येही मोफत प्रवास दिला आहे. तो परवडतो का, यावर मतभेद असतील. परंतु चर्चा तरी आपल्याकडे व्हावी.

तरुणांविषयीही दोन शब्द बोलणे अवश्य आहे. महापालिकेच्या शाळांतील विद्यार्थ्यांना बसचा मोफत पास आणि खासगी शाळांतील विद्यार्थ्यांना ७५ टक्के सवलत, या तरतुदी महापालिकेच्या अंदाजपत्रकातून केल्या जात आल्या आहेत. मेट्रोनेही विद्यार्थ्यांना ३० टक्के सवलत दिली. अनेक पालकांना याची माहितीच नसते. बालमधुमेह असलेल्या एका मुलीची आई आम्हांस म्हणाली की, पासाची खिडकी उघडी असते तेव्हा मी धुण्या-भांड्याच्या कामावर असते. दहावी झाल्यावर ही मुले महाविद्यालयात जातात, शाळेच्या सवलतीतून बाहेर पडतात, आणि नेमके त्याच वयात इन्सुलिन व तपासण्या यांकडे दुर्लक्ष होऊ लागते. सकाळचे व्याख्यान बुडवून बाह्यरुग्ण विभागात रांग लावणे त्यांना नको वाटते. त्यात त्यांचा दोष काय?

आपल्या कर्मचाऱ्यांचा प्रश्नही वेगळा नाही. आया, वॉर्डबॉय, प्रशिक्षणार्थी परिचारिका यांपैकी कित्येकजणी लोहगाव, खराडी, विश्रांतवाडी येथून येतात. दुसरी पाळी रात्री दहाला सुटे, तेव्हा बस कमी झालेल्या असत. एखादी बस चुकली की थांब्यावर अंधारात उभे राहावे लागे. घरची माणसे विचारीत, “असली नोकरी करायचीच कशाला?” चांगल्या मुली यापायी नोकरी सोडून जात होत्या आणि त्याचे कारण आम्ही वेतनात शोधत होतो.

या सर्व अनुभवांतून आम्ही काही साध्या गोष्टी सुरू केल्या. त्यांत मोठे असे काही नाही. परंतु त्या आपणांसमोर ठेवणे आमचे कर्तव्य आहे.

पहिली गोष्ट, नोंदणीच्या अर्जात आता एक प्रश्न वाढवला आहे : ‘आपण कोठून येता, कशाने येता आणि यायला किती वेळ लागतो?’ दुसरी, एकाच भागातून येणाऱ्यांना शक्यतो एकाच दिवसाची वेळ दिली जाते, म्हणजे एक सोबती दोघा-तिघांना घेऊन येऊ शकतो. तिसरी, रक्ततपासणी, क्ष-किरण आणि डॉक्टरांची भेट एकाच दिवशी व्हावी असा प्रयत्न असतो. पूर्वी यासाठी तीन हेलपाटे पडत. चौथी, डॉक्टरांची संमती असेल तेथे जुनाट आजारांची औषधे एकाऐवजी दोन महिन्यांची दिली जातात. पाचवी, विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातून एकदा सायंकाळचा बाह्यरुग्ण विभाग चालवला जातो. सहावी, दुसरी पाळी रात्री नऊलाच संपते. आणि सातवी, प्रवेशद्वाराजवळ मोठ्या अक्षरांत बसमार्गांचा फलक लावला असून, पास व सवलतींचे अर्ज भरून देण्याचे काम आमच्या समाजसेविका करतात. पीएमपीएमएलच्या मोबाईल ॲपवर तिकीट कसे काढावे हे आमचे तरुण कर्मचारी आजोबांना दाखवतात. दाखवून झाल्यावर आजोबा बहुधा म्हणतात, “ते राहू दे, सुटे पैसे आहेत माझ्याकडे.” असो.

‘गैरहजर’ हा शेरा आम्ही बंद केला. त्या जागी आता ‘दूरध्वनी करावा’ असे लिहिले जाते. आणि खरोखर दूरध्वनी केला जातो.

या सुधारणांना फारसा पैसा लागला नाही. आठव्या गोष्टीला मात्र लागतो, आणि तीच आज आपणांकडे मागावयाची आहे. अत्यंत गरजू रुग्णांना आणि त्यांच्या एका सोबत्याला दैनिक पासाचे पैसे देण्यास आम्ही सुरुवात केली. ही रक्कम काही दिवस ‘किरकोळ खर्च’ या शीर्षाखाली टाकली गेली. लेखापरीक्षकांनी रास्त हरकत घेतली की, वारंवार होणारा खर्च किरकोळ कसा? त्यांचे म्हणणे मान्य करून आम्ही विश्वस्त मंडळासमोर ‘रुग्ण प्रवास साहाय्य निधी’ या स्वतंत्र निधीचा प्रस्ताव ठेवला आहे. तो निर्धन रुग्ण निधीपासून पूर्णतः वेगळा राहील, केवळ देणग्यांतून चालेल आणि त्याचा जमाखर्च दरवर्षी या अहवालात छापला जाईल.

मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले की, रुग्णालयाने औषध द्यावे. बसभाडे देणे हे आपले काम आहे काय? उद्या जेवणही मागतील, परवा घरभाडे. ही शंका गैर नाही, आणि देणगीदारांचा पैसा जपून खर्च व्हावा या काळजीतूनच ती आलेली आहे. तिला आमचे उत्तर हिशेबाचेच आहे. ठरलेले डायलिसिस चुकले की तोच रुग्ण श्वास कोंडलेल्या अवस्थेत मध्यरात्री अतिदक्षता विभागात येतो. त्या एका रात्रीचा खर्च त्याच्या महिनाभराच्या पासांहून कितीतरी अधिक असतो, आणि तो शेवटी आपल्याच निधीवर पडतो. बसची तूट महापालिकेच्या खात्यात दिसते, रुग्णालयाची तूट आपल्या खात्यात दिसते. परंतु वेळेवर पोहोचलेल्या रुग्णामुळे जी बचत होते ती कोणत्याच खात्यात दिसत नाही. दिसत नाही म्हणून ती नाही, असे मानण्याची चूक आम्ही एकदा केली आहे.

तथापि आमचा निधी हा तात्पुरता आधार आहे, हे आम्ही जाणतो. एका धर्मादाय रुग्णालयाने दिलेल्या पासांनी शहराची वाहतूक सुधारत नाही. म्हणून संबंधित यंत्रणांकडे आम्ही लेखी विनंती करीत आहोत. रुग्णालयांजवळच्या थांब्यांवर छप्पर आणि बाक असावेत. तेथे पादचाऱ्यांना सुरक्षितपणे रस्ता ओलांडता यावा. मेट्रो स्थानकापासून वस्त्यांपर्यंत लहान बस फिराव्यात. रात्री पाळी सुटण्याच्या वेळी बस असावी. आणि डायलिसिस, कर्करोग, क्षय अशा आजारांच्या रुग्णांना व त्यांच्या एका सोबत्याला शहरी बसमध्ये सवलत मिळावी. दिव्यांग व्यक्तींना सुगम वाहतूक मिळणे हा २०१६ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. आजारपणाने काही काळ दुर्बल झालेल्या माणसाची गरजही त्याहून निराळी नसते. परिसरातील गणेश मंडळे, महिला बचत गट आणि अन्य रुग्णालये या विनंतीत सहभागी झाली, तर तिला अधिक बळ येईल.

देणगीदार बंधू-भगिनींनो, आपण दिलेल्या यंत्रांवर आणि खाटांवर आपली नावे कोरलेली आहेत, आणि ती यथोचितच आहेत. बसच्या पासावर कोणाचे नाव कोरता येत नाही. रात्र झाली की त्या कागदाचे मूल्य संपते. तरीही या निधीस आपण हातभार लावावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे. सत्तर रुपयांत एक माणूस उपचारांसाठी येतो आणि घरी परत जातो.

वाघोलीचे ते मूल आता ठरल्या तारखेला येते. दोन महिन्यांची औषधे घेते आणि आईबरोबर दुपारच्या बसने परत जाते. त्याची शाळा पुन्हा सुरू झाली आहे. त्याच्या नावापुढील जुने शेरे आम्ही खोडलेले नाहीत. ते आमच्यासाठी तसेच ठेवले आहेत.